मयत खातेदार, हयात लेकी

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत खातेदाराला मृत्यू दोनदा येतो; एकदा घरी, सर्वांदेखत, आणि दुसऱ्यांदा, तेवढे भाग्य असेल तर, चावडीत. या दोन मृत्यूंमध्ये कधी दहा पावसाळे जातात, कधी दोन पिढ्या उलटतात, आणि तेवढ्या अवधीत मयत इसम सातबाऱ्यावर खुशाल नांदत असतो. त्याच्या नावाने भात पिकते, त्याच्या नावाने शेतसारा वसूल होतो, आणि त्याच्या हयातीत ज्या दप्तराने त्याला उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेवले तेच दप्तर मरणोत्तर त्याला सोडायला तयार नसते. मृतांविषयीची ही सरकारी आस्था अखेर सरकारलाच असह्य झाली आणि 2025 च्या 1 एप्रिलपासून, तारखेबद्दल कोणताही संकोच न बाळगता, महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर हाती घेतली. गावोगावी चावडीवाचन करून मयतांची यादी करावी, वारसांनी मृत्यूचा दाखला, शपथपत्र आणि पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामसेवक यांचा दाखला घेऊन हजर व्हावे आणि 10 मेपर्यंत फेरफार मंजूर होऊन मयतांची सुटका व्हावी, असा तो संकल्प होता. संकल्प स्तुत्यच म्हटला पाहिजे. वारस कोण, एवढा एक किरकोळ प्रश्न मात्र त्यात गृहीत धरलेला होता.

हा प्रश्न या भागात पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे, कारण ज्या वरकस तुकड्यात गवताखेरीज काही उगवत नाही त्याचा वारस होण्याची हौस कोणाला असणार? परंतु बुलेट ट्रेनचे खांब आले, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाच्या खुणा रोवल्या गेल्या, वाढवण बंदराची वार्ता पसरली, आणि त्याच वरकसात नात्यागोत्याचे असे काही भरघोस पीक आले की भातालाही हेवा वाटावा. वापीच्या कारखान्यात गेलेला पुतण्या, ज्याला चुलत्याच्या आजारपणात एकदाही रजा मिळाली नव्हती, त्याला भूसंपादनाच्या नोटिशीसरशी आठवड्याची रजा मिळू लागली. ज्या थोरल्या भावाचे नाव ए.कु.मॅ. म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून, केवळ सोयीसाठी लागले होते, त्याला ते नाव सोयीसाठी नसून मालकीसाठी होते असा साक्षात्कार झाला. वाटणीविषयी वाद निघाला की मोबदल्याची रक्कम हिस्सेदारांच्या हाती न पडता निवाड्यासाठी न्यायपीठाकडे जमा होते, आणि भाऊबंद तारखांना एकाच रिक्षातून जातात, भाडे मात्र निम्मे निम्मे देतात. तेवढी एकच वाटणी बिनतक्रार होते.

या सर्व कोलाहलात लेकीचा आवाज कोठे आहे, हे पाहण्यासाठी डहाणूचा एखादा रस्ता पायी चालून जावा. चिकूच्या वाडीतील पारशी कुटुंबाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू. त्यात बापामागे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता, तो 1991 साली समसमान झाला. पलीकडच्या हिंदू घरातील मुलीला महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि दिल्लीने 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, आणि तेव्हापासून त्या घरात भाऊबीजेच्या ताटात हक्कसोडपत्र ठेवण्याची प्रथा विशेष जोमाने रुजली. मुंबईकरांना ज्याची धास्ती असे ते मृत्युपत्राचे सक्तीचे प्रोबेट संसदेने 2025 च्या डिसेंबरात रद्द केले. परंतु ती सक्ती मुंबई-मद्रास-कलकत्त्यापुरतीच असल्यामुळे डहाणूकर या सुधारणेचा लाभ मुळापासूनच घेत आला आहे.

रस्ता जेथे डांबर सोडून पाड्याकडे वळतो तेथे मात्र कायदाही थांबतो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 2 चे पोटकलम 2 असे सांगते की, केंद्र सरकारने अधिसूचना काढून अन्यथा ठरविल्याखेरीज अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही. म्हणजे वारली मुलीचा हिस्सा रूढीने ठरायचा. ज्या शासनाने वारल्यांची जमीन मोजताना, जंगल राखताना किंवा लोहमार्ग आखताना रूढीची कधी चौकशी केल्याचे ऐकिवात नाही, त्याला नेमक्या या एका ठिकाणी रूढीविषयी एवढा नितांत आदर वाटावा, हे पाहून कोणाचेही मन भरून येईल. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली या तरतुदीचा फेरविचार करा असे केंद्राला सुचविले. सुचविण्याला मुदतीचा कायदा लागू नसल्याने विचार चालू असावा.

बरे, ही रूढी आहे तरी किती पुरातन? 1945 मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांची परिषद भरविली तेव्हा तेथे जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर वेठ होती, नावावर जमीन नव्हती. कुळाला मालक मानण्याचा दिवस उजाडला तो 1957 च्या 1 एप्रिलला. तेव्हा सातबाऱ्यावरच्या जमिनीचा वारसा केवळ मुलग्यांनाच, ही अनादि परंपरा बहुतांश घरांत फार तर एका आजोबाच्या वयाची भरते. त्याआधी जी होती ती परंपरा सावकाराच्या मुलांना वारसा देण्याची होती. शिवाय 2006 च्या वनहक्क कायद्याने वनपट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावाने देण्याचे फर्माविले, तेव्हा रूढी बुडाल्याची फिर्याद घेऊन कोणी डहाणूच्या कोर्टात धावल्याचे माझ्या वाचनात नाही. बायकोच्या नावाने न बुडणारी रूढी बहिणीच्या नावाने कशी बुडते, हे कोडे मी एखाद्या निष्णात वकिलासाठी राखून ठेवतो.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते जुलै 2025 मध्ये बरेचसे सोडविले. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात त्याने म्हटले की, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला वाटा नाकारणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही. वाटा मिळण्याची रूढी होती हे तिने सिद्ध करावे, ही अपेक्षाच चुकीची. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने हिंदू वारसा कायदा जमातींना लावता येणार नाही हेही बजावले. म्हणजे कायद्याचे दार बंदच राहिले. पण रूढीच्या नावाने दार अडवून बसणाऱ्यांकडे ती रूढी दाखवा, अशी मागणी करण्याची सोय झाली.

ही मागणी तलासरीत कोणी करायची? दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतील असल्याने पेसा कायद्यान्वये रूढी-परंपरांचे जतन करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि ग्रामसभेत बायकाही बसतात. त्यांनी लेकीच्या वाट्याचा ठराव एकदा इतिवृत्तात लिहवून घ्यावा. तोवर, ज्या बहिणीचे नाव वारसांच्या यादीतून गळले असेल तिने फेरफाराच्या नोटिशीवर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. मुदत 15 दिवसांची आहे. आणि फेरफार मंजूर झाला तरी त्याने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरविते.