उलुरूची सचक्र प्रदक्षिणा

मध्य ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या, सपाट मरुभूमीत ३४८ मीटर उंचीचा जो अखंड वालुकाश्म उलुरू या नावाने उभा आहे, त्याचा घेर नऊ किलोमीटरांहून अधिक भरत असल्यामुळे, ही प्रदक्षिणा पायी घालावी की सेगवे नामक द्विचक्री यंत्रावर आरूढ होऊन घालावी, असा प्रश्न निघताच आमच्या गुडघ्यांनी यंत्राच्या बाजूने एकतर्फी निकाल दिला. प्रस्थानापूर्वी, अस्थिभंग झाल्यास आमची कोणाविरुद्धही तक्रार राहणार नाही, अशी कबुलायत लिहून घेण्यात आली.

डीन केमन यांनी २००१ साली जगापुढे आणलेले हे वाहन मोठे शिस्तप्रिय आहे. आरूढ व्यक्ती किंचित पुढे झुकली की ते चालू लागते, मागे रेलली की थांबते, आणि ती ताठ उभी राहिली की तेही जागचे हलत नाही. या शिस्तीत एक न्यायही होता. उलुरूचे मूळनिवासी धनी असलेले अनंगू लोक, “हे आमचे पवित्र स्थान आहे, कृपा करून चढू नका,” अशी वर्षानुवर्षे विनवणी करीत असताना साखळी धरून माथा गाठणाऱ्या पर्यटकांस २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाईची कायमची मनाई झाली. आणि आता त्यांचेच जातभाई पायथ्याशी, पोटात जायरोस्कोप बाळगणाऱ्या या यंत्राच्या हुकमाने, पाऊलभर अंतरासाठीसुद्धा सविनय वाकत होते. विनवणीने जे साधले नाही, ते विजेरीने साधले.

माश्यांची कैफियत मात्र स्वतंत्र मांडली पाहिजे. दोन्ही हात मुठींवर गुंतलेले असल्याने नासिकाग्री सुखासीन झालेल्या मक्षिकेचे निवारण करण्यास फक्त श्वासोच्छ्वास उरतो, आणि तिला चुकविण्यासाठी मान झटकताना देह यत्किंचित पुढे कलला, तर यंत्र त्यास प्रस्थानाची आज्ञा समजून समोरच्या सहप्रवाशाच्या पाठीवर चाल करून जाते.

मुटिचुलूच्या पाणवठ्यापाशी वाटाड्याने आम्हांस थांबवून कुनियाची कथा सांगितली. भाच्याच्या वधाने क्रुद्ध झालेल्या या अजगर-स्त्रीने विषारी सर्पकुळातील लिरू योद्ध्याच्या मस्तकी केलेले प्रहार शिलेवरील भेगांच्या रूपाने आजही दिसतात. काही भागांत छायाचित्रे घेण्यास मज्जाव आहे, कारण तेथील वृत्तान्त त्या स्थळीच, अधिकारी व्यक्तीनेच जाणावयाचा असतो. चित्र काढण्याची मुभा नाही म्हटल्यावर मंडळींनी ती शिला प्रथमच डोळ्यांनी पाहिली, असे माझे मत आहे.

या पर्वताच्या सरकारी दप्तराचा इतिहासही कमी रंजक नाही. १८७३ साली विल्यम गॉस या पाहणीदाराने त्यास दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव बहाल केले. वरिष्ठांस संतुष्ट करण्याची याहून टिकाऊ तजवीज क्वचितच कोणा कामगारास सुचली असेल. पुढे १९८५ साली मालकीचा दस्तऐवज अनंगूंच्या हाती समारंभपूर्वक देण्यात आला खरा, परंतु राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांचा भाडेपट्टा त्यांजकडून लगोलग लिहून घेण्यात आला.

येथून खडे उचलून नेलेले कित्येक पर्यटक पुढे पश्चात्तापाने ते क्षमापत्रासह टपालाने परत पाठवितात, हे वाटाड्याने निरोप घेताना सांगितले. ते ऐकून आमच्या सौभाग्यवती तत्काळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, बूट इथेच नीट झाडा, नंतर ऑस्ट्रेलियाचे टपालहशील कोण भरणार?”