अध्यक्ष आपोआप सुरू होतात

आमच्या चंडीगडातल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर पत्ता होता, फोन नंबर होता, सभासद होण्याचा अर्ज होता आणि गणपतीच्या आरतीची वेळ होती. म्हणजे बघण्यासारखं काहीच नव्हतं. ‘साइट मुकी आहे,’ असं अध्यक्षांनी कार्यकारिणीत जाहीर केलं. मुकं राहणं तिथे कुणालाच जमत नसल्याने ऑडिओ-व्हिडिओचा ठराव एकमताने मंजूर झाला.

यात थोडा दोष शहराचाही आहे. शहराचा आराखडा करणाऱ्या वास्तुकार ल कॉर्बूझिएने चंडीगडसाठी जो आदेशनामा लिहून ठेवला, त्यात शहरात किंवा बागांत कुणाही व्यक्तीचा पुतळा उभारायचा नाही, असं स्वच्छ म्हटलंय. आठवण ठेवायचीच असेल तर योग्य जागी ब्राँझची पाटी लावा. त्यात १९५४ चा जाहिरात नियंत्रण आदेश, त्यामुळे फ्लेक्सचंही सुख नाही. वाढदिवसाला चौकात स्वतःचं तोंड बघायची सवय घेऊन महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कार्यकर्त्याने जावं कुठे? उरते वेबसाइट. तिच्यावर कॉर्बूझिएचा अंमल नाही.

ठराव झाल्यावर जो तो आपापला पेन ड्राइव्ह घेऊन आला. सांस्कृतिक चिटणीसवहिनींना पान उघडताक्षणी सनई हवी होती. उपाध्यक्षांनी २०१५ च्या घुमानच्या साहित्य संमेलनाचं चित्रीकरण आणलं. त्यात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचा फेटा मागून अतिशय सुरेख आलाय. घुमानशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या संत नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात पोचली ती मंडळाच्या यूट्यूब चॅनलशिवाय, असं मी हळूच म्हणून बघितलं. इतिवृत्तात ते आलेलं नाही. अध्यक्षांनी बावीस मिनिटांचं मनोगत आणलं होतं.

तांत्रिक बाजू चिटणिसांच्या भाच्याकडे. तो मोहालीत आयटीत आहे, त्यामुळे मंडळाचा प्रिंटर आणि माइकही त्याच्याचकडे असतो. फोनवर टिपलेल्या चांगल्या व्हिडिओचं एक मिनिट सहज शंभर एमबी होतं, असं त्याने समजावून सांगितलं. म्हणजे मनोगत दोन जीबीच्या पुढे.

‘वजनदार आहेच ते,’ अध्यक्ष म्हणाले.

आमच्या होस्टिंगला ते पेलणार नव्हतं. म्हणून व्हिडिओ यूट्यूबवर चढवून त्याची खिडकी साइटवर बसवली. पहिल्याच दिवशी असं झालं की शिवजयंतीवरचं अध्यक्षांचं भाषण संपलं आणि खाली यूट्यूबने पंजाबी गाणी सुचवली. जीप, ट्रॅक्टर, बंदूक असा सगळा सरंजाम. तातडीची सभा झाली. भाच्याने एक सेटिंग बदललं, आता फक्त आपल्याच चॅनलवरचे व्हिडिओ सुचवले जातात. त्यामुळे अध्यक्षांचं भाषण संपलं की अध्यक्षांचं दुसरं भाषण येतं. पंजाबी गाणी परत आणावीत, असा अर्ज महिला शाखेने दिला आहे. तो विचाराधीन आहे.

खरी पंचाईत आवाजाची झाली. पूर्वी असं नव्हतं, असं खजिनदारकाका सांगत होते आणि ते खरंही आहे. नव्वदच्या दशकात इंटरनेट एक्सप्लोररला ‘बीजीसाउंड’ नावाचा टॅग कळायचा. तो लिहिला की पान उघडताच मिडीचं टिंगटिंग सुरू, आणि ते बंद करायचं बटण पानावर असेलच असं नाही. मग रियलप्लेअर आला, त्यात गाण्यापेक्षा ‘बफरिंग’ जास्त ऐकलं जायचं. मग फ्लॅश, त्याचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला. मधल्या काळात एचटीएमएलमध्येच ऑडिओ आणि व्हिडिओचे साधे टॅग आले आणि आवाज घालणं इतकं सोपं झालं की आमच्यासारख्या मंडळांपासून जगाला वाचवणं भाग पडलं. २०१८ पासून क्रोमने नियम केला: आपोआप सुरू व्हायचंय ना, खुशाल व्हा, पण तोंड मिटून. बघणाऱ्याने पानावर कुठेतरी टिचकी मारली तरच आवाज.

तर अध्यक्ष आपोआप सुरू होतात, पण मुके. बोट उगारतात, टेबलावर मूठ आपटतात, डोळे पुसतात. इतके परिणामकारक ते सभेत कधीच वाटले नव्हते. सभासदांचे कौतुकाचे फोन आले. त्यातल्या एकालाही भाषणाचा विषय सांगता आला नाही, पण तो सभेतही कुणाला सांगता येत नसे.

अध्यक्षांना मात्र यातलं काही ठाऊक नाही. संगणकावरचा क्रोम एक हिशेब ठेवतो. एखाद्या साइटवर तुम्ही वारंवार आवाजासकट व्हिडिओ बघत असाल, तर तिला तुमच्यापुरता आपोआप बोलायचा परवाना मिळतो. अध्यक्षांच्या घरी तो केव्हाच मिळालेला आहे. ट्रायसिटीत आपला आवाज घरोघरी घुमतोय, अशी त्यांची समजूत आहे आणि ती मोडायची हिंमत भाच्यात नाही.

ऐकायला कमी येणाऱ्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मधेच विचारलं, खाली अक्षरं का येत नाहीत? तोफखान्यात होते, कान तिथेच ठेवून आले. प्रश्न रास्त होता. वेबच्या सुगम्यतेच्या निकषांत अशी उपशीर्षकं येतात. शिवाय आवाज आपोआप तीन सेकंदांहून जास्त वाजणार असेल तर तो थांबवायची सोय हवी, असाही एक निकष आहे. (तीन सेकंदांत आमच्याकडे ‘आदरणीय’ पुरा होत नाही.) उपशीर्षकांसाठी कुणीतरी बावीस मिनिटं ऐकून टाइप करायला हवी होती. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला अचानक बाहेरगावी काम निघालं. शेवटी भाच्यानेच बसून केलं. आभार, मान्यवरांची नावं आणि ‘या ठिकाणी’ वगळल्यावर त्याच्या हाती पत्ता, फोन नंबर आणि आरतीची वेळ लागली. हीच माहिती साइटवरून काढून टाकली होती, व्हिडिओला जागा हवी म्हणून. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नव्याने बदलून आलेल्या एका मेजरबाईंनी आरतीची वेळ विचारायला चिटणिसांना फोन केला. त्यांना लिंक पाठवण्यात आली: सतरावं मिनिट.

मागच्या सभेत प्रवेशसंगीताचा विषय पुन्हा निघाला. आधी बटण दाबायला लावायचं, म्हणजे ती टिचकी धरून सनई सोडता येईल, अशी वहिनींची तोड होती. तेव्हा मी कॉर्बूझिएलाच साक्षीला काढलं. म्हटलं, १९५८ साली इथे सुखना तलाव झाला. याच माणसाने आग्रह धरला की पाण्यात मोटरबोट नको आणि बांधावर गाडी नको, लोकांना शांतपणे फिरू द्या. त्याला आवाजाचं वावडं होतं म्हणावं, तर त्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीसाठी त्याने जो मंडप केला, त्यात शेकडो लाउडस्पीकर होते, भिंतींवर चित्रं आणि रंग फिरत होते, वारेझचं संगीत होतं. पण सगळा खेळ आठ मिनिटांचा, आणि प्रदर्शन संपल्यावर मंडप पाडून टाकला.

सभा शांत झाली. मला वाटलं, मुद्दा पोचला.

‘आणि लोक आत येताना काय वाजायचं?’ वहिनींनी विचारलं.

खोटं बोलवेना. आत-बाहेर करणाऱ्या गर्दीसाठी झेनाकिस नावाच्या संगीतकाराने वेगळी छोटी रचना केली होती, हे सांगावं लागलं.

‘म्हणजे प्रवेशसंगीत होतं!’ अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी इतिवृत्त लिहून घ्यायला सांगितलं: सनईच्या ठरावाला श्री. कॉर्बूझिए यांचा पाठिंबा असून साइटच्या उद्घाटनाला त्यांना सपत्नीक बोलवावं.

ते १९६५ सालीच वारले, असं मी सांगायच्या आत खजिनदारकाकांनी विचारलं, ‘येण्याजाण्याचा खर्च आपल्याकडे का?’