बुढापाऱ्याची तारांकित समीक्षा

साहित्यकृतीची समीक्षा करणाऱ्याने ती कृती निदान वाचलेली असावी, असा एक जुना संकेत आहे. मोबाइलवरील खेळांच्या समीक्षेने तो मोडीत काढला असून, या क्षेत्रातील सर्वांत ठाम मते ज्यांनी खेळ कधी उघडलाही नाही त्यांची, आणि त्याखालोखाल ठाम मते जे नुकतेच हरले आहेत त्यांची असतात, असे रायपूरच्या बुढापारा या वस्तीतील मराठी घरांकडे थोडा वेळ कान देऊन बसल्यास आढळून येते.

‘पारा’ हा छत्तीसगढी शब्द वस्ती या अर्थाचा असून पुणेकर वाचकाने त्याजागी पेठ आणि कोकणातल्या वाचकाने आळी असे वाचले तरी अर्थहानी होत नाही. वस्तीशेजारच्या बुढा तलावाचे नाव गोंडांच्या बुढादेवावरून पडले असे मानतात. कागदोपत्री मात्र तो विवेकानंद सरोवर आहे, कारण 1877 ते 1879 या काळात किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त आपल्या कुटुंबासह याच भागात राहिले होते. तलावात विवेकानंदांचा भव्य ध्यानस्थ पुतळा आहे, आणि काठावरच्या बाकांवर संध्याकाळी मान खाली घालून बसलेली तरुण मंडळी दुरून पाहणाऱ्याला त्यांचाच शिष्यवर्ग वाटावी इतकी त्यांची बैठक स्थिर असते. फरक एवढाच की मधूनच एखादा साधक ‘मर गया रे’ म्हणून ओरडतो आणि शेजारचे साधक त्याच्या पुनर्जन्माची वाट पाहू लागतात.

समीक्षेचे या वस्तीला वावडे नाही. येथील शाळेला ज्यांचे नाव दिलेले आहे ते माधवराव सप्रे (1871–1926) म्हणजे घरात मराठी आणि लेखनात हिंदी असा दुहेरी संसार नेटाने करणारे गृहस्थ. त्यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले आणि त्यातील पुस्तकपरीक्षणांमुळे हिंदी समालोचनेच्या आरंभकर्त्यांत त्यांची गणना होते. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या या माणसाला एखाद्या ग्रंथाविषयी मत द्यायचे तर आधी तो ग्रंथ वाचावा लागे, मग विचार करावा लागे आणि मग पाने लिहावी लागत. त्याच शाळेच्या आवाराबाहेर आज हे तिन्ही टप्पे गाळून अंगठ्याच्या एका टेकीत निकाल लागतो. शिवाय शहरातील धरणी आणि आंदोलने कित्येक वर्षे या तलावाकाठीच होत असत, त्यामुळे नापसंती मोठ्याने आणि सर्वांसमक्ष व्यक्त करायची असते हा संस्कार येथील बालकांवर ध्वनिक्षेपकातून आपोआप झालेला आहे.

‘तारा’ हे या समीक्षेचे परिमाण होय. तारे पाच असतात; पैकी पाच म्हणजे मोक्ष, एक म्हणजे रौरव, आणि मधले तीन हे सत्यनारायणाच्या पूजेतल्या सुपाऱ्यांसारखे मांडलेले असतात, पण त्यांना कोणी खात नाही. तारा नेमका कशाला दिला जातो याबद्दल मात्र शास्त्रात गोंधळ आहे, आणि तो केवळ खेळांपुरता नाही. एप्रिल 2017 मध्ये स्नॅपचॅट या ॲपच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची वार्ता पसरली (कंपनीने ती नाकारली), तेव्हा संतप्त भारतीयांनी त्या ॲपला एकेका ताऱ्याने झोडपले, आणि त्या धुमश्चक्रीत नावाचा पूर्वार्ध तेवढा जुळतो म्हणून स्नॅपडील या निष्पाप देशी दुकानालाही कित्येकांनी एक तारा देऊन टाकला. खेळांच्या प्रांतात याचे शुद्ध उदाहरण म्हणजे ‘फौजी’ हा खेळ. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली, दोनच दिवसांनी या देशी खेळाची घोषणा झाली आणि 26 जानेवारी 2021 रोजी तो अवतरला. पबजीची सवय लागलेल्या मुलांना त्यात आरंभी बंदुकाच मिळाल्या नाहीत, गलवानच्या खोऱ्यात हातघाईवर यावे लागले, आणि मग राष्ट्रप्रेमाचे पाच तारे व बंदुकीच्या विरहाचा एक तारा यांची सरासरी घसरत घसरत तीनच्या आसपास येऊन टेकली. ज्या तीनला कोणी हात लावत नाही, तो अशा रीतीने केवळ अंकगणिताने प्राप्त होतो.

बुढापाऱ्यातील शालेय वयाच्या समीक्षकांचा लाडका पारिभाषिक शब्द ‘लॅग’ हा आहे. आज्ञा दिल्यानंतर ती पडद्यावर प्रत्यक्षात येईपर्यंत जो काळ जातो त्याला लॅग म्हणतात. मात्र हा दोष समीक्षकाने स्वतः गोळी खाल्ली तरच उद्भवतो, त्याने दुसऱ्याला गोळी घातली तेव्हा नेट उत्तम चाललेले असते, हे या संज्ञेच्या व्याख्येत नमूद करणे आवश्यक आहे. (भाजी आणायला हाक मारल्यानंतर मुलगा उठेपर्यंत जो काळ जातो त्यालाही हीच संज्ञा लावावी, अशी मातृपक्षाची सूचना दीर्घकाळ प्रलंबित आहे.)

मध्यमवयीन समीक्षेचा विषय वेगळा आहे, आणि तो जीवाशी निगडित आहे. ‘कँडी क्रश सागा’ हा 2012 साली आलेला, एका रंगाच्या तीन गोळ्या ओळीत आणण्याचा खेळ फुकट मिळतो. पण त्यात खेळणाऱ्यास पाचच जीव असतात, हरला की एक जीव जातो, आणि गेलेला जीव परत यायला अर्धा तास लागतो. ज्या धर्मात चौऱ्यांशी लक्ष योनींनंतर मनुष्यजन्म मिळतो असे सांगतात, त्या धर्मातल्या माणसाला अर्ध्या तासाचा पुनर्जन्म ही सवलत वाटायला हवी होती. प्रत्यक्षात मात्र ती घोर अन्यायाची बाब ठरते आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडे जीव मागण्याची पद्धत रूढ होते. मराठीत जीव लावतात, जीव टाकतात, जीव ओवाळून टाकतात, प्रसंगी जीव खातात. परंतु नागपूरच्या मावशीने रायपूरच्या भाचीकडे दुपारी अडीच वाजता जीव मागावा आणि भाचीने कार्यालयात बसून तो पाठवावा, हा प्रयोग भाषेत यापूर्वी नव्हता. खेळ आधी फुकट द्यायचा आणि मग अडलेल्या जागी पैसे मागायचे या व्यापारी पद्धतीला जाणकार ‘फ्रीमियम’ म्हणतात. लग्नात हुंडा नको म्हणायचे आणि मानपानाच्या वेळी रुसून बसायचे, ही रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संज्ञेचे अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

जाहिरातींविषयी थोडक्यात सांगायचे तर, ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या जाहिरातींत खिळे उपसून माणसाला वाचवण्याचे जे कोडे दाखवले जाई, ते प्रत्यक्ष खेळात अभावानेच सापडते, म्हणून ब्रिटनच्या जाहिरात मानक मंडळाने सप्टेंबर 2020 मध्ये अशा दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात धाकट्या भावाचा फोटो दाखवून थोरल्याचे जमवल्याची कथा प्रत्येक मराठी घराण्यात एक तरी असते. त्या प्रकरणात मात्र कोणतेही मंडळ मध्ये पडल्याचे उदाहरण नाही.

या सगळ्या समीक्षेचा गाभा जिथे खऱ्या अर्थाने सापडतो तो खेळ म्हणजे लुडो. ‘लुडो किंग’ हा नवी मुंबईतील कंपनीने 2016 साली आणलेला खेळ 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत शिरला, आणि एक काका बुढापाऱ्यात, एक आत्या पुण्यात, एक दादा न्यूजर्सीत अशा विखुरलेल्या कुटुंबांना रात्री साडेनऊ वाजता एका पटावर बसवू लागला. त्याच्या गुणवत्तेविषयी या सर्व भूखंडांत एकमत आहे, ते असे की फासा लबाड आहे. काकांच्या मते तो आत्याला धार्जिणा आहे, आत्याच्या मते काकांना, आणि दादाच्या मते अमेरिकेतून खेळणाऱ्याला सहाचे दान पडूच द्यायचे नाही असे वरूनच ठरलेले आहे.

या आरोपाची छाननी साध्या लाकडी फाशावर करून पाहण्यासारखी आहे, कारण त्याच्यावर वशिलेबाजीचा संशय घेता येत नाही. सहा बाजूंच्या प्रामाणिक फाशावर पहिल्या दहा टाकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता प्रत्येक खेळाडूपुरती सुमारे 16 टक्के असते. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु खेळाडू चार असतील, तर त्यांपैकी निदान एकाच्या नशिबी हे कपाळ येण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे फासा हरिश्चंद्राचा असला तरी चौघांच्या सरासरी दर दुसऱ्या डावात एक जीव दहा टाकींपर्यंत आपल्या चारही सोंगट्या घरात कोंडून, इतरांच्या सोंगट्या पटभर हिंडताना पाहत बसलेला असणार, आणि तो जीव काका असेल तर त्या रात्री गणिताला कोणी विचारत नाही. ज्याला सहा पडतात त्याच्यापुरता खेळ उघडच कौशल्याचा असतो आणि ज्याला पडत नाहीत त्याच्यापुरता तो नशिबाचा असतो, हा भेद घरात कोणी कधी लिहून ठेवला नाही. पण नेमका हाच प्रश्न, पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका ॲपच्या निमित्ताने, 2021 साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. काकांचा वाद अर्थात पैशांचा नसल्यामुळे तो या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

मोबाइलवरच्या लुडोचा खरा दोष या फाशाच्या चर्चेत झाकला जातो, आणि तो सांगण्याचे श्रेय घरातील आजी या संस्थेला द्यावे लागते. आजीने तो खेळ खेळलेला नसतो, फक्त शेजारी बसून पाहिलेला असतो. तिचे निरीक्षण असे की या पटावर कोणाला लबाडी करता येत नाही. सोंगटी एक घर जास्त सरकवता येत नाही, पाचाचे सहा म्हणून सांगता येत नाहीत, हरायची वेळ आली की नातवाला शिंक आणून पट उधळता येत नाही. यंत्र मोजते, यंत्र सरकवते, यंत्रच निकाल देते, आणि मग भांडायला म्हणून केवळ यंत्र उरते, जे उलट उत्तर देत नाही. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते त्या मोक्षपटात साप हे दुर्गुण आणि शिड्या हे सद्गुण होते, म्हणजे तो खेळ खेळणाऱ्याला सुधारू पाहत होता; आजीच्या समीक्षेत मात्र सुधारणेचा आग्रह नाही, भांडणाचा आहे. 2022 मध्ये राज्य शासनाने छत्तीसगढिया ओलिंपिक भरवून गिल्ली-दंडा, भौंरा म्हणजे भोवरा, बांटी म्हणजे गोट्या आणि फुगडी यांना स्पर्धेचा दर्जा दिला, तेव्हा फुगडी हा शब्द वर्तमानपत्रात वाचून आजीने जो आनंद व्यक्त केला तो अल्पजीवी ठरला. कारण फुगडी मोजायला पंच बसवला की हात कोणी सोडला यावर आठ दिवस अबोला धरण्याची सोय राहत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आले.

येथे समीक्षेच्या एका पद्धतशीर उणिवेची नोंद करावी लागते. बरेच खेळ अभिप्राय मागतात तो खेळणारा जिंकल्याबरोबर, म्हणजे सरकारी कार्यालयात काम झालेल्याच माणसापुढे सूचनापेटी धरावी तसा प्रकार. त्यामुळे रात्री दहाला फाशाला शिव्या घालणारे काका सव्वादहाला जिंकले की त्याच फाशाला पाच तारे देतात, आणि त्यांचे आधीचे मत कोठेही नोंदले जात नाही. ते फक्त दिवाणावर बसलेल्यांनी ऐकलेले असते. सप्र्यांच्या काळी समीक्षकाला आपले मत बदलायचे तर निदान पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे.

मे महिन्यातील दुपारी बुढापाऱ्यात वीज जाते, वायफाय बंद पडते, आणि अनेक घरांत कपाटावरचा पुठ्ठ्याचा जुना पट खाली उतरतो. त्याच्या सोंगट्यांपैकी एक हरवलेली असून तिच्या जागी शर्टाचे बटण असते. पाचव्या-सहाव्या टाकीला फासा पलंगाखाली जातो. तो काढायला नातू वाकतो, आणि बाहेर येण्यापूर्वीच सहा पडल्याचे जाहीर करतो. काका म्हणतात तीन होते, आत्या फोनवरून म्हणते की खाली पडलेले दान धरतच नाहीत. वीज येऊन पंखा फिरू लागतो, तरी बराच वेळ पलंगाखालच्या त्या फाशाचे प्रकरण मिटलेले नसते.