ऑटोपॉजची कृपा

पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्यावरून निघालो. विक्रोळी, पवई, आरे आणि परत. घरात शिरलो तेव्हा आठ वाजले होते. हँडलवरच्या डबीवर, म्हणजे सायकल कॉम्प्युटरवर, 42 किलोमीटर, सरासरी 24. मी तोऱ्यात स्क्रीन बायकोपुढे धरली. तिने कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता विचारलं, "अरे, 42 भागिले 3 किती रे?"

चौदा.

डबी खोटं बोलत नाही. तिच्यात ऑटोपॉज नावाची सोय असते: चाक थांबलं की तिचं घड्याळही थांबतं. गांधीनगरचा सिग्नल, आरेतला चहा, दुसरा चहा, 'टायर किती प्रेशरला ठेवतोस' यावरचा परिसंवाद, सगळं हिशेबातून वजा. उपनगरात ही सोय नसती तर सायकलिंग केव्हाच बंद पडलं असतं.

"कोणता घेऊ?" असं विचारणारे हल्ली फार. त्यांना रंगीत नकाशा हवा असतो. कशाला? रस्ता पाठ आहे, आणि खड्डे नकाशात नसतात. त्यापेक्षा बटणवाला घ्या. टचस्क्रीनला जुलैत पावसाचा थेंब आणि तुमचं बोट यांतला फरक कळत नाही. भर पावसात ती आपणहून सेटिंगमध्ये शिरते आणि भाषा बदलू का विचारते. उंची हवेच्या दाबावरून मोजतात, त्यासाठी एक बारीक भोक असतं. त्यात पाणी बसलं की घाटकोपरच्या पुलावरही घाट चढल्याचं पुण्य लागतं, किंवा घाट चढूनही शून्य.

चाकाचा सेन्सर मात्र घ्याच. मेट्रोच्या पुलाखाली उपग्रहाचा माग चुकतो, आणि घरी येऊन पाहावं तर आपण अंधेरीतल्या दोन सोसायट्यांच्या भिंतींतून आरपार गेलेलो. सेन्सर चाकाचे फेरे मोजतो, त्याला आकाश लागत नाही. फक्त परीघ खरा भरा: 700×25 च्या टायरला साधारण 2105 मिलिमीटर. आमच्यातला एक 2200 भरून ठेवतो. शंभरामागे साडेचार किलोमीटर फुकट. शिवाय उपग्रहाच्या आकड्याला नावं ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात डबीच्या भरवशावर 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे मुदतीत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, नाव दिलं. मुदत साडेतेरा तास, आणि ते घड्याळ सिग्नलला थांबत नाही. सकाळी सहाला सुटलो. दोन पंक्चर, एक मिसळ, झाडाखाली जरा पाठ टेकली. शेवटी पोचलो तेव्हा डबी म्हणाली, 8 तास 50 मिनिटं. मी ती अभिमानाने पुढे केली.

टेबलामागच्या माणसाने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझं कार्ड घेतलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: 19.35.

मुदत 19.30 ची होती.