उभ्या उभ्या येतो: पेण–रोहा नातेवाईक मोहीम, नवशिक्यांसाठी

कॅलगरीचा भाचा फोनवर सहज सांगतो, की लाँग वीकेंडला आम्ही गाडीने व्हँकुव्हरला मावसबहिणीकडे जाऊन आलो. जायचे सुमारे हजार किलोमीटर, यायचे तेवढेच, मध्ये आख्खे रॉकी पर्वत. ऐकून दबून जाऊ नका. त्याला हजार किलोमीटरमध्ये नातेवाइकाचं एक घर लागलं. तुम्हाला पेण ते रोहा या चाळीसेक किलोमीटरमध्ये नऊ लागतात, आणि नवव्या घरातही पहिल्या घराइतकंच हसायचं असतं. हे त्याला जमायचं नाही. तुम्हाला जमेल. खालील सूचना क्रमाने पाळा.

१. यादी करा. नकाशा बाजूला ठेवा, त्याचा इथे उपयोग नाही. घरांचा क्रम अंतरावर ठरत नाही, रुसण्याच्या ताकदीवर ठरतो. जी आत्या सर्वांत जास्त दिवस अबोला धरू शकते ती पहिली, मग ती रोह्याच्या पलीकडे का राहीना. जो मामा कधीच रागावत नाही त्याच्याकडे शेवटी जा, म्हणजे जाऊच नका. दरवर्षी हेच होतं, आणि तरी तो दरवर्षी फणस पाठवतो. वाईट वाटतं, पण शास्त्र आहे.

२. स्वतःच्या गाडीनेच जा. दिव्याहून रोह्याला रेल्वे जाते, कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटरही रोह्यालाच आहे, तिकीट स्वस्त, खड्डा एकही नाही. हे सगळे तिचे दोष आहेत असं समजा. खरा धोका वेगळाच: रेल्वेने गेलात की ‘निघतो हं, गाडीची वेळ झाली’ असं म्हणून उठता येतं. स्वतःची गाडी असणाऱ्याला वेळ होत नाही. त्याला फक्त ‘बस रे, गाडी दारातच तर आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. आपल्याला जायचं आहे ते त्यासाठीच, नाही का?

३. लपूनछपून जायचा विचार सोडा. रायगडच्या गाड्यांचा नंबर एमएच ०६ ने सुरू होतो. तुमच्या डोंबिवलीच्या गाडीवर ०५ आहे. पेणच्या बाजारात ती दूध आणायला गेलेल्या चुलत जावेच्या दिराला दिसते, आणि तुम्ही वडखळ ओलांडायच्या आत रोह्यात कळलेलं असतं, की पेणला थांबले, आमच्याकडे अजून नाहीत.

४. कळवावं की न कळवावं? आदल्या आठवड्यात कळवलंत तर पुरणपोळी होते. न कळवता गेलात तर ‘कळवलं असतंत तर पुरण घातलं असतं’ हे ऐकत तुम्हाला पोहे खावे लागतात, आणि निघताना पुरणपोळीचं वचन देऊन यावं लागतं. अनुभवी लोक आदल्या रात्री साडेनऊला फोन करतात आणि म्हणतात, ‘जेवायला नाही हं मावशी, उभ्या उभ्या येतो.’ मावशी ‘बरं’ म्हणते आणि लगेच वाल भिजत घालते.

५. पहाटे पाचला निघायचं ठरवा, आठला निघा. पळस्पे, कर्नाळा, खारपाड्याचा पूल. वाटेत काही खाऊ नका, पोटातली जागा ही या मोहिमेतली एकमेव खरी संपत्ती आहे.

६. पेण. इथे दोन कामं. पहिलं, मूर्तीचं. सोसायटीतल्या कोणाला तरी शाडूची दीड फुटी हवी असते आणि ‘तुम्ही जाताच आहात’ हे त्यांना कळलेलं असतं. हमरापूर, जोहे या बाजूला कारखान्यांतून गणपती बारा महिने घडतात, परदेशी जाणारे कित्येक महिने आधीच बोटीत चढतात. कॅलगरीच्या भाच्यालाही एक हवाच असतो, पण बोटीने नाही, तुमच्या हातबॅगेतून, आणि सोंड न दुखावता. हो म्हणा. कॅनडाला तुम्ही केव्हा जाणार हे तुम्हालाही माहीत नाही, त्यामुळे हो म्हणायला काही लागत नाही.

दुसरं काम पापडाचं. पेणचे पोह्याचे पापड विकत घेऊ नका. घेतलेत तर पेणच्या मावशीचा अपमान होतो, कारण तिने तुमच्यासाठी दोन किलो बांधून ठेवलेत. न घेता मावशीकडे गेलात, तर ते दोन किलो घेऊन पुढे रोह्याच्या काकूकडे जाल, आणि काकू म्हणेल, ‘आमचे नकोत वाटतं? पेणचेच लागतात?’ यावर उपाय नाही. मिरगुंडांचंही तेच.

सुकट आणि बोंबील मात्र बाजारातून जरूर घ्या आणि डिकीत टाका. काळजी करू नका, पुढच्या घरी नेमकी संकष्टी असते.

७. आता चहा. इथे नवशिके हमखास हरतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

चहाला ‘नको’ म्हणणं हे उत्तर नाही, ती फक्त सुरुवात आहे. पहिल्या ‘नको’ला कोणी ऐकत नाही. दुसऱ्याला ‘अर्धा कप’ असा प्रस्ताव येतो. तिसऱ्यांदा नको म्हणालात, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘आमच्या हातचा चालत नाही वाटतं आता.’ इथे युद्ध संपलं. कप येतो तो भरलेलाच असतो, कारण अर्धा कप चहा पाहुण्याला देणारं घर रायगड जिल्ह्यात अजून बांधलेलं नाही.

काही जण मधुमेहाचं कारण पुढे करतात. मधुमेह सांगितलात की तासभर वाढतो. आधी तुमच्या साखरेचे आकडे विचारले जातात, मग काकांचे सांगितले जातात, मग शेजारच्यांना कारल्याच्या रसाने आलेला गुण. शेवटी बिनसाखरेचा चहा येतो आणि त्याच्यासोबत बेसनाचे दोन लाडू. ‘घरचे आहेत, घरच्याने काही होत नाही.’

त्यापेक्षा हे तंत्र वापरा: कप हातात घ्या, बोलत राहा, साय धरू द्या. साय धरलेला चहा बघून यजमानीणच म्हणते, ‘अगं बाई, गार झाला. थांब, दुसरा टाकते.’ तंत्र फसलं, मान्य. पण दहा मिनिटं गेली.

८. वडखळ ते नागोठणे. रॉजर्स पास नावाच्या खिंडीत साठलेला बर्फ वेळीच पाडायला कॅनडाचं लष्कर हायवेच्या कडेने तोफा डागतं, हे भाचा अभिमानाने सांगेल. तुम्ही त्याला पळस्पे ते इंदापूर सांगा. मुंबई–गोवा हायवेच्या या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याआधीच हायवेचा नंबर १७ वरून ६६ झाला होता, त्यामुळे या रस्त्याचं काहीच वाढलं नाही असं म्हणता येत नाही. मंत्री येऊन पाहून गेले, मुदती आल्या नि गेल्या, कोर्टात तारखा पडल्या, आणि दर गणपतीला खड्डे बुजवण्याची नवी तारीख जाहीर झाली. तोफांची गरज इथे पडली नाही. रस्ता आपला आपणच उडाला.

पण हा रस्ता नातेवाइकांच्या बाजूचा नाही, तुमच्या बाजूचा आहे. ‘उशीर का झाला?’ याला ‘वडखळला अडकलो’ एवढं पुरतं. पेणला मावशीकडे दोन तास झोपून निघाला असलात तरी हेच सांगा. आजवर कोणी शंका घेतलेली नाही. उलट पंख्याखाली बसवून कोकम सरबत देतात.

९. मुलांना राफ्टिंगचं आमिष दाखवून गाडीत बसवा. कुंडलिका नदीला ते पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं आणि सकाळी सुटतं. तुम्ही कोलाडला पोहोचाल तेव्हा संध्याकाळ असेल. मुलांना गोटे दाखवा.

१०. जमिनीचा विषय. हा येणारच. आधी आंब्यावर बोलणं होतं, मग आंब्याच्या झाडावर, मग झाड कोणाच्या हद्दीत आहे त्यावर. मग ट्रंकेतून सातबारा निघतो. त्यावर इतकी नावं असतात, की त्यांतली निम्मी तुम्ही फक्त श्राद्धाच्या दिवशी ऐकलेली असतात. अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळ पनवेलजवळ आला, त्यामुळे परसातल्या ज्या तुकड्यावर काल कोंबड्या फिरत होत्या, तिथे आज ‘गुंठ्याचा भाव’ फिरतो.

इथे सभ्यतेने वागा. २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझला जमीन द्यायची का, यावर सरकारने गावकऱ्यांचं मत घेतलं. २२ गावांचं मतदान एका दिवसात उरकलं. तुमच्या घराण्यात पडवीचे पत्रे कोणी बदलायचे यावर अजून एकमत नाही. म्हणून काकांनी पेन पुढे केलं आणि ‘एक सही कर, नुसती नावापुरती’ म्हणाले, तर चष्मा गाडीत राहिला म्हणा. गाडीकडे जा. गाडी सुरू करून बघा, चालते का. चालली तर बायकोला हळूच हाक मारा.

बायकोला आधी सांगून ठेवायला मात्र विसरू नका, कारण ती आतल्या खोलीत ओटी भरून घेत असते आणि ओटीतून उठता येत नाही. तेवढ्यात काका पेन घेऊन गाडीपाशी येतात. चष्मा तुमच्या डोळ्यांवरच असतो.

११. रोह्यात शिरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात. तुम्हाला ‘वाट चुकलात वाटतं?’ एवढंच मिळेल. आणि दुसरं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. तेव्हापासून रोह्यातल्या प्रत्येक काकांना रुपयाचं काय चुकलं ते माहीत आहे. ऐकून घ्या. व्याजदरावर वाद घालू नका, जेवण लांबतं.

जेवायचं नव्हतंच, हे खरं. पण वाल आदल्या रात्रीपासून भिजताहेत. मोड आलेत. बिरडं तयार आहे, तांदळाच्या भाकऱ्या होताहेत, आणि हे तुमचं तिसरं जेवण आहे हे सांगायची ही वेळ नव्हे.

१२. डिकी. निघताना तुम्ही नेलेले मिठाईचे बॉक्स रिकामे झालेले असतात आणि डिकी भरलेली असते: कडवे वाल, नवा तांदूळ, आंबोशी, पापड, पुन्हा पापड, एक फणस. एका घरचं दुसऱ्या घरी द्यायचा मोह होईल. देऊ नका. नागोठण्याच्या दुकानाचं नाव असलेली पिशवी रोह्यात दोन मिनिटांत ओळखली जाते. मिठाईचा बॉक्स तर त्याहून वाईट. तो चार घरं फिरून दिवाळीत तुमच्याकडेच परत येतो, आणि त्यातली काजूकतली तुम्ही ओळखता.

१३. परतताना भिसे खिंडीतून नागोठण्याला या. त्या वाटेला तुमचं कोणी राहत नाही. असं तुम्हाला वाटतं. खिडक्या वर ठेवा.

१४. घरी पोहोचलात की फोन. पोहोचल्याचा फोन प्रत्येक घरी, आणि भेटीच्याच क्रमाने, कारण ‘तुला कधी आला?’ हे पेणची मावशी आणि रोह्याची काकू दुसऱ्या दिवशी एकमेकींना विचारतात. रात्रीचे अकरा वाजले असतील, डोळे मिटत असतील, ‘सुखरूप पोहोचलो’ असा एकच मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकून झोपावंसं वाटेल. टाकू नका. त्या ग्रुपवर चणेऱ्याची मावशी आहे, आणि तुम्ही आला होतात हे एकट्या तिलाच अजून कळलेलं नाही.