सहा आकडी द्वारपालास खुले पत्र

ओटीपी,

तुझी मुदत जेमतेम दहा मिनिटांची असते, म्हणून ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. आरोप सरळ मांडते. परमुलखात गेलेल्या माणसाला परवडणारं इंटरनेट मिळू नये, याचा आज सर्वांत मोठा गुन्हेगार तू आहेस. दर नव्हेत. दर केव्हाच उतरले. आपल्याकडे तीन-साडेतीनशे रुपयांत जवळजवळ महिनाभर रोज दीड-दोन जीबी डेटा मिळतो. बाहेर जाणाऱ्यांसाठी ई-सिम आलं, ठिकठिकाणी फुकटचं वाय-फाय आलं. सगळं आलं आणि दारात तू येऊन बसलास. आत जायचं तर मोबाइलवर आलेले सहा आकडे सांगा. मोबाइल कुठला? भारतीय. तोही चालू, रिचार्ज मारलेला आणि त्या क्षणी रेंजमध्ये असलेला. हे सगळं ज्याच्यापाशी आहे त्याचं इंटरनेट बहुधा आधीच चालू असतं. ज्याच्यापाशी नाही, नेमकं त्यालाच तू अडवतोस.

मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. शहरातून दौंड रस्त्याला लागलं की अरणगावजवळ मेहेराबाद आहे. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी 31 जानेवारी 1969 ला देह ठेवला. त्यांची समाधी तिथल्या टेकडीवर आहे. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला, म्हणजे अमरतिथीला, देशभरातून आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोप, इराणमधून माणसं येतात. दुपारी बारा वाजता हजारो लोक एकाच वेळी पंधरा मिनिटं मौन पाळतात. ही ये-जा आजची नाही. पूर्वी हे पाहुणे शहरातल्या एसटीडी-आयएसडी बूथवर रांग लावायचे, नंतर सायबर कॅफेत बसायचे. पैसे जास्त पडायचे, पण पैसे मोजले की काम व्हायचं. आता पैसे मोजायची तयारी असूनही काम होत नाही, कारण मध्ये तू आहेस.

अमरतिथीच्या दिवसांत ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका सत्तरीतल्या बाईंना घेऊन मी माळीवाड्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे पासपोर्ट होता, व्हिसा होता, फोटो होते आणि हातात पाचशेची नोट तयार होती. दुकानदार भला माणूस. त्याने पासपोर्टच्या पानाचा, व्हिसाचा, बाईंच्या चेहऱ्याचा असे सगळे फोटो काढले आणि मग मला म्हणाला, “ताई, लोकल रेफरन्स लागंल. आणि एक चालू नंबर सांगा, त्याच्यावर ओटीपी येईल.” नवा नंबर घ्यायचा तर आधी जुना भारतीय नंबर दाखवा! शेवटी माझं नाव, माझा पत्ता, माझा नंबर. तू माझ्या फोनवर आलास, मी आकडे मोठ्याने वाचले, दुकानदाराने ते टाकले. आता तूच सांग, यात त्या बाईंची कोणती ओळख पटली? त्यांच्या सरकारने दिलेला पासपोर्ट आणि आपल्या सरकारने दिलेला व्हिसा पुरे पडला नाही, आणि काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माझ्यासारख्या तिऱ्हाइताचा फोन पुरला. मी सोबत नसते तर त्या रिकाम्या हाताने परतल्या असत्या.

सिम सुरू व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही एका उपाहारगृहात चहाला थांबलो. भिंतीवर ‘फ्री वाय-फाय’ची पाटी. बाईंनी मोठ्या आशेने फोन काढला. पडद्यावर +91 आधीच छापलेलं, खोडता न येणारं, आणि पुढे दहा आकड्यांची जागा. त्यांनी आपला नंबर भरला. शून्य धरलं तर ऑस्ट्रेलियातला मोबाइल नंबरही दहाच आकड्यांचा असतो. उत्तर आलं, ‘वैध क्रमांक टाका.’ कारण आपले मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनेच सुरू होतात. त्यांनी पुन्हा भरला, पुन्हा तेच. आपलंच काही चुकतंय असं वाटून त्या ओशाळल्या, आणि मला तुझा खरा राग तिथे आला. अमेरिकन पाहुण्याची गत तर आणखी वाईट. तिकडचा नंबर मुळातच दहा आकडी. तो नऊने सुरू होत असला तर तुझी चौकट तो बिनबोभाट स्वीकारते आणि तू भारतातल्या कुणा भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊन पडतोस. इकडे पाहुणा वाट बघतो.

मग ही माणसं काय करतात? आपल्या देशातल्या कंपनीचं रोमिंग चालू करतात आणि दिवसाला दहा-बारा डॉलर मोजतात. तेवढ्यात इथे तीन-तीन महिन्यांचं इंटरनेट येतं.

हे टाळायचा विचार कुणी केलाच नव्हता असं नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने ई-व्हिसावर येणाऱ्या पर्यटकांना विमानतळावरच बीएसएनएलचं सिम फुकट द्यायला सुरुवात केली. त्यात 50 रुपयांचा टॉकटाइम आणि 50 एमबी डेटा. 50 एमबी म्हणजे घरच्यांना एक छोटा व्हिडिओ कॉल, की संपला. पण दिशा बरोबर होती: पासपोर्ट-व्हिसा बघा आणि सिम हातात द्या. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला काकडी गावचा शिर्डी विमानतळ सुरू झाला. साईबाबांच्या दर्शनाला परदेशातून येणाऱ्या माणसासाठी विमान जिल्ह्यात उतरलं. पासपोर्टवर सहज सिम मिळेल असा काउंटर मात्र मला जिल्ह्यात कुठे दिसलेला नाही.

तू आलास कुठून तेही मला माहीत आहे, आणि त्या भागाबद्दल मी हलक्याने बोलणार नाही. जुलै 2008 मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून. माणसं मेली होती. नियम हवाच होता. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवा आणि नोंद वर्षभर जपा. पण त्या सूचनांमध्ये वाटा दोन होत्या. एक, फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत ठेवणं. दुसरी, मोबाइलवर एसएमएसने पासवर्ड पाठवणं. पासपोर्टची वाट नियमातच होती! ती बंद करणारा कायदा कुणी केला नाही. प्रत काढा, फाइल लावा, विचारलं तर दाखवा, एवढी तसदी कुणाला नको होती. तू विनातक्रार हजर होतास, म्हणून सगळ्या दारांवर तूच बसलास.

बँकांतही तुझी हीच कथा. कार्डावरून ऑनलाइन पैसे भरताना आणखी एक खातरजमा हवी, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून सक्तीचं केलं. ती खातरजमा एसएमएसनेच करा असं काही तिने बजावलं नव्हतं. कोणताही एकच प्रकार आपण ठरवून दिलेला नाही, हे तिने फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतःच सांगितलं. म्हणजे तुला एकट्याला गादीवर ना दूरसंचार विभागाने बसवलं, ना रिझर्व्ह बँकेने. तुला बसवलं ते आळसाने.

त्याचा मार आमच्या म्हाताऱ्या माणसांना बसतो. संगमनेरची माझी मावशी आणि काका लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले. काकांच्या फोनमध्ये सिमची जागा एकच. जावयाने तिथलं स्वस्त सिम घातलं, इंटरनेट झकास चालू झालं, आणि भारतातलं सिम कागदात गुंडाळून मावशीच्या पाकिटात गेलं. काही दिवसांनी मुदत ठेव नव्याने ठेवायची वेळ आली. बँकेने तुला पाठवलं, पाकिटातल्या सिमकडे. पिनेने एक सिम काढा, दुसरं घाला. रोमिंग चालू केलेलंच नव्हतं, म्हणून ‘नो सर्व्हिस’. रोमिंग चालू करायला कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिरा, तर तिथे लॉगिनला पुन्हा तूच. हे सगळं न्यू जर्सीतल्या मध्यरात्री, कारण बँकेत फोन उचलणारं माणूस आपल्या सकाळीच भेटतं. शेवटी नगरहून मी काउंटरवर पैसे भरून रोमिंगचा पॅक घेतला. घरात चांगलं वाय-फाय असताना केवळ तुझ्या सहा आकड्यांसाठी!

परदेशात येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, हे खरं. पण तो यायला सिम जिवंत लागतं, म्हणजे इकडचं रिचार्ज तिकडे बसून चालू ठेवा. रोमिंग आधी सुरू केलेलं लागतं. आणि त्या सिमचा मोबाइल डेटा चुकून चालू राहिला तर पॅक नसताना एमबीच्या हिशेबाने पैसे कापले जातात. ई-सिम घ्यावं म्हटलं, तर कार्डाने पैसे भरताना बहुतेक वेळा तू आडवा, आणि तू यायला रोमिंग हवं. स्वस्त वाट धरायला आधी महाग वाट तुडवा.

तुझं प्रस्थ अजून वाढतंय. 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार विभागाने आदेश काढला की व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप ज्या सिमवर नोंदवली, ते सिम त्या फोनमध्ये सतत असायला हवं. सायबर भामट्यांना आळा घालायचा हेतू योग्य आहे. पण एकाच सिमच्या फोनवाल्या काकांनी तिथलं सिम घातलं की नातवंडाचे फोटो संगमनेरला पाठवायचे कशावरून?

आणि ज्या सुरक्षेच्या नावाने तू मिरवतोस, ती तरी धड देतोस का? अमेरिकेच्या मानक संस्थेने 2017 मध्येच एसएमएसने ओळख पटवण्याची पद्धत जोखमीची म्हणून मर्यादित प्रकारात टाकली. सिम बदलून घेऊन खाती साफ करणारे चोर आपल्याकडेही आहेत. फोनवर गोड बोलून तुझे आकडे काढून घेणारे तर गावोगाव पोहोचलेत. चोराला तू वश होतोस, पाहुण्याला मात्र दारातून हाकलतोस.

दुसरीकडे काय चालतं ते बघ. आमच्या मुकुंदनगरातून उमऱ्याला जाणाऱ्या माणसाला सौदीत पासपोर्ट आणि बोटाचा ठसा देऊन सिम मिळतं. तो देश सुरक्षेत ढिला आहे असं कुणी म्हणणार नाही. जर्मनीत उघड्या वाय-फायवरून कुणी गैरप्रकार केला तर मालकावर जबाबदारी यायची, म्हणून लोक वाय-फाय कुलूपबंद ठेवत. 2017 मध्ये त्यांनी कायदाच बदलला. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून आपल्या देशांमधलं जादा रोमिंग शुल्कच काढून टाकलं. आपल्याकडेही जमतं, मनावर घेतलं तर: जानेवारी 2023 मध्ये दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिकडच्याच मोबाइल नंबरवर यूपीआय वापरायची मुभा मिळाली. परदेशी नंबर चालवायला तंत्र अपुरं नाही, हे तिथेच सिद्ध झालं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये नवे निर्देश काढलेत, 1 एप्रिल 2026 पासून लागू. त्यात तुझ्याखेरीज इतर पर्यायांनाही मोकळी वाट आहे. बँकेच्या अ‍ॅपमधली मंजुरी, बोटाचा ठसा, काहीही. पर्याय द्यायचे बँकांनी आहेत, आणि ते मागायचे आपण. तोवर बाहेर निघणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: ई-सिम घरी असतानाच विकत घ्या, बँकेच्या अ‍ॅपमधली मंजुरी इथेच सुरू करा, रोमिंग केवळ एसएमएससाठी चालू ठेवा आणि त्या सिमचा डेटा विमानात बसण्याआधी बंद करा.

आमच्या जिल्ह्यातल्या दारांवरून मात्र तू आधीच ऊठ. परदेशी पाहुणा नगरच्या लॉजवर उतरो, शिर्डीच्या हॉटेलात की मेहेराबादला, त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा बघून 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणं यजमानाला कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे त्याची ओळख काउंटरवर नोंदलेली असते आणि सरकारकडेही गेलेली असते. 2009 च्या सूचनांना हवी होती तीच ओळख. हॉटेलवाल्यांनी, संस्थानांनी, रेल्वेने त्याच कागदावर पाहुण्याला वाय-फायचा पासवर्ड द्यावा, आणि सिम विकणाऱ्या कंपन्यांनी तीच नोंद ‘लोकल रेफरन्स’ म्हणून धरावी. पासवर्डासाठी नवा कायदा लागत नाही. उद्या सकाळी पहिला पाहुणा चेक-इन करेल तेव्हापासून हे सुरू करता येईल.