डिझेलची चिठ्ठी

आमच्या आणि अक्कांच्या घरामधली भिंत कमरेएवढी आहे. बांधणाऱ्याने सिमेंट वाचवलं, असं आमच्या घरचे म्हणतात. मला वाटतं, त्या माणसाला शेजार कळत होता. सकाळचं पाणी भरून झालं की अक्का त्या बाजूने येतात, मी या बाजूने. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर चार मोसंब्या ठेवल्या, मी माहेरून आणलेली कारळाची चटणी.

"काय म्हणतं माहेर?" अक्कांनी चटणीचा वास घेत विचारलं.

"चार दिवस नाकाला पदर लावून काढले, अक्का. घंटागाडीच आली नाही."

"डायवर पळाला का काय?"

"डायवर होता, गाडी होती. डिझेल नव्हतं. पंपवाल्यानं पालिकेची चिठ्ठी घेणं बंद केलं."

माहेरच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. माझा भाऊ तिथे पेट्रोल पंपावर मुनीम आहे, पालिकेच्या गाड्या त्याच पंपावर भरतात, आणि त्याला अजून मुलीचं लग्न करायचं आहे. एवढं कारण पुरे.

अक्कांच्या घरीही हा विषय परका नाही. त्यांचे यजमान एसटीच्या आगारात डिझेलच्या पंपावर होते, तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे अक्कांना केएमपीएल म्हणजे लिटरला किती किलोमीटर हे कुकरच्या शिट्ट्यांइतकं पाठ. तरी त्यांनी जो प्रश्न विचारला तो कुणालाही पडेल असाच होता.

"पण मला एक सांग. डिझेलचा भाव पंपाच्या बोर्डावर लिहिलेला असतो. या कंपनीचा काय अन् त्या कंपनीचा काय, पैशांचा फरक. मग त्याचं टेंडर कशाचं काढतात? भेंडी-गवारीचं काढलं तर समजू शकते मी."

हाच प्रश्न मी भावाला विचारला होता. तो हसला आणि म्हणाला, "ताई, टेंडर डिझेलचं नसतंच. उधारीचं असतं."

आता हे सगळं मी अक्कांना जसं सांगितलं तसं सांगते. पालिकेचा वाहन विभाग आधी यादी करतो. घंटागाड्या, ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, मैला उपसायची गाडी, जेसीबी, आगीचा बंब, साहेबांची गाडी. गेल्या वर्षी किती लिटर लागलं त्यावर थोडं चढवून यंदाचा अंदाज धरायचा, मंजुरी घ्यायची, मग निविदा. सरकारची खरेदीची नियमपुस्तिका आहे, १ डिसेंबर २०१६ ची. तिच्यात ठरावीक रकमेच्या वरची खरेदी ई-निविदेने करा, आणि त्या रकमेच्या खाली बसावी म्हणून तुकडे पाडू नका, असं सांगितलेलं. तुकडे पाडू नका हे लिहावं लागलं, यातच काय ते आलं. मग दोन लिफाफे. कागदावरचे नव्हेत, कॉम्प्युटरवरचे, पण नाव लिफाफाच. पहिल्यात परवाने, वजनमापेवाल्यांचं प्रमाणपत्र, बयाणा रक्कम भरल्याची पावती. तो पास झाला तर दुसरा उघडायचा, भावाचा.

आणि भावाच्या रकान्यात लिहायचं काय? जून २०१७ पासून डिझेलचा भाव रोज सकाळी सहाला ठरतो. त्याआधी महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला ठरायचा. वर्षभराचा एकच आकडा कोणता शहाणा लिहून देईल? म्हणून 'त्या दिवशीचा कंपनीचा दर' एवढंच येतं. फार तर कुणी लिटरमागे पाच-दहा पैसे सोडतो.

"म्हंजे नवरदेव ठरलेला, अन् वर परीक्षा मांडवाची," अक्का म्हणाल्या.

मांडवाचीच. पंप पालिकेपासून किती किलोमीटरच्या आत हवा, रात्री बंबाला डिझेल मिळेल का, आणि बिल किती दिवसांनी निघालं तरी पुरवठा थांबवणार नाही ना, या अटी खऱ्या. अंतराची अट वाचून लोक लगेच डोळे मिचकावतात की अमक्यासाठीच घातली. कधी घातलेलीही असते. पण घंटागाडी डिझेल भरायला आठ किलोमीटर गेली आणि आठ किलोमीटर परत आली, तर भरलेल्यातलं किती उरलं, हाही हिशोब आहेच की.

"आमचे हे काय सांगतात माहीत आहे का," अक्का भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. त्यांनी कोपर टेकलं की अर्धा तास धरावा. "भावात सूट मागायला अंगात लिटर पाहिजेत. एसटीला दिवसाला किती डिझेल लागतं? दहा लाख अठ्ठ्याहत्तर हजार लिटर! दिवसाला, बरं का. इंडियन ऑइल अन् भारत पेट्रोलियम कितीतरी वर्षांपासून एसटीला डिझेल देतात. तरी २०२५ च्या ऑगस्टपासून सूट वाढवून दिली ती किती? तीस पैसे."

"तीस पैसे?"

"हसू नकोस. वर्षाचे पावणेबारा कोटी होतात."

मी मोबाइलवर गुणून पाहिलं. खरंच होतात, जरा जास्तच. माझ्या माहेरची पालिका दिवसाला पन्नास लिटर घेते असं धरलं, तर तीच तीस पैशांची सूट वर्षाला साडेपाच हजारही होत नाही. तेवढ्यासाठी दोन लिफाफे!

पण अक्कांची खरी हौस पुढच्या गोष्टीत होती. ती मी आधीही ऐकली आहे, पण त्या सांगतात छान. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने ठरवलं की थोक गिऱ्हाइकाला, म्हणजे रेल्वेला, एसटीला, डिझेल बाजारभावाने घ्यावं लागेल. पंपावरच्या डिझेलचं अनुदान चालूच राहिलं. एका रात्रीत थोकाचा भाव किरकोळीपेक्षा लिटरमागे दहा-अकरा रुपयांनी वर गेला. जगात कुठंही पोतं घेतलं तर किलोला स्वस्त पडतं, इथं किलो घेतलं तर पोत्यापेक्षा स्वस्त! आगारात स्वतःचा पंप असताना एसटीच्या गाड्या खासगी पंपावर रांग लावायला लागल्या.

"ह्यांना लई लागलं होतं ते. म्हणायचे, आपल्या चुलीवर कुलूप अन् पोरं खानावळीत."

मार्च २०२२ मध्ये तेच पुन्हा झालं. थोक डिझेल एका झटक्यात पंचवीस रुपयांनी वाढलं. मुंबईत थोक लिटर १२२ रुपयांच्या वर, आणि रस्त्यावरच्या पंपावर ९४ रुपये १४ पैसे. लालपरी पुन्हा खासगी पंपावर. म्हणून एखादा नगरसेवक भाषणात 'पालिकेने स्वतःचा पंप काढावा' म्हणतो तेव्हा टाळ्या वाजतात, पण त्यासाठी नागपूरच्या स्फोटक विभागाचा परवाना, जमिनीखालची टाकी, राखणदार, आणि वर थोकाचा भाव कधी चढेल याची धास्ती. पन्नास लिटरसाठी कोण म्हैस बांधणार? त्यापेक्षा रतीब बरा.

आता रतीब घालणाऱ्याचं ऐका. पंपवाल्याला कंपनी उधार देत नाही, पैसे आधी भरले की टँकर निघतो. डिझेलवर त्याला लिटरमागे मोजकेच रुपये सुटतात. मी भिंतीवरच्या मोसंब्या बाजूला केल्या आणि विटकरीच्या तुकड्याने अक्कांना हिशोब मांडून दाखवला. आकडे सोयीचे धरलेले आहेत. महिन्याला पालिकेचं डिझेल १,५०० लिटर, भाव नव्वद, बिल १ लाख ३५ हजार. अडीच रुपयांनी कमिशन महिन्याला ३,७५० रुपये. सहा महिने बिल निघालं नाही, तर सहा महिन्यांचं कमिशन २२,५००. आणि अडकलेल्या पैशाचं व्याज, शेकडा एक रुपयाने? पहिल्या बिलाचं पाच महिन्यांचं, दुसऱ्याचं चार, तिसऱ्याचं तीन, असं मोजत गेलं तर २०,२५०.

अक्का आकड्यांकडे बघत राहिल्या. "म्हंजे सहा महिन्यांत हातात सव्वादोन हजार."

"अन् त्यात चिठ्ठ्या सांभाळणारा मुनीम. माझा भाऊ."

सातव्या महिन्यात पंपवाला पदरचे घालतो. म्हणून त्याने चिठ्ठ्या बंद केल्या. पालिकेची बाजूही काही खोटी नाही. घरपट्टी-पाणीपट्टी लोक मार्चमध्ये भरतात, तीही दारात वसुलीपथक आल्यावर. घंटागाडीला डिझेल लागतं बाराही महिने. पगार थांबवला तर संप होतो, विजेचं बिल थांबवलं तर पाण्याची मोटार बंद. पंपवाल्याचं थांबवलं तर काही दिवस काहीच होत नाही, म्हणून त्याचंच थांबतं. माझ्या माहेरी सगळ्यात आधी कचरा कुठे टाकला बघायचं, तर पालिकेच्याच भिंतीला. लोकांनाही कळतं कुणाच्या दारात नेऊन टाकायचं ते.

"अन् ते चिठ्ठीचं काय? चिठ्ठीत काही नसतं का?" अक्कांनी आवाज खाली आणला. गप्पांमध्ये आवाज खाली येतो तेव्हाच चहा गार होतो.

असतं की. चिठ्ठी म्हणजे गाडीचा नंबर, लिटर, सही. ती पंपावर जाते, बिलासोबत परत पालिकेत येते, गाडीच्या लॉगबुकाशी जुळवायची असते. गाडीचं मीटर चालू असेल तर किलोमीटरवरून अॅव्हरेज निघतं. पण पालिकेच्या ट्रॅक्टरचं मीटर चालू असलेलं तुम्ही पाहिलंय का? जेसीबीचा हिशोब तासावर. एका ठिकाणी जेसीबी दोन महिने गॅरेजात उभा होता आणि चिठ्ठ्या मात्र त्याच्या नावाने निघत होत्या, असं भावाने ऐकलेलं. लेखापरीक्षकाने गॅरेजचं बिल आणि डिझेलचं बिल शेजारी ठेवलं, तेव्हा सापडलं. हे दोन कागद शेजारी ठेवायला इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

सगळ्यात कळस धूरफवारणीचा. डासांचा धूर म्हणजे बहुतेक डिझेलच असतं. पायरेथ्रमचं मिश्रण करताना औषध एक भाग आणि डिझेल एकोणीस भाग. ते कॅनमधून जातं. त्या यंत्राला किलोमीटर नाही, अॅव्हरेज नाही.

"धुराचा हिशोब कोण मागणार!" अक्का इतक्या हसल्या की त्यांचे यजमान पेपर घेऊन ओट्यावर आले. त्यांना सगळं परत सांगावं लागलं. ते हसले नाहीत. एसटीच्या माणसाला डिझेलचा विनोद चालत नाही. म्हणाले, "पंपावर पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. कुणीही मागू शकतो. पाच लिटरला पंचवीस मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. पालिकेच्या डायवरनं कधी मागितलंय? कसं मागेल? त्याच्या खिशातलं जात नाही."

मग ते थोडे थांबून म्हणाले, "ह्या तेलात लई पाप आहे. सोनवणे साहेब आठवतात ना?"

आठवतात. मनमाडजवळचं पानेवाडी, मराठवाड्याकडे येणाऱ्या डिझेलच्या टाक्या तिथे. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथल्या एका ढाब्यावरची भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना थोडा वेळ कुणी बोललं नाही. अक्कांनी उगाच मोसंब्या परत रांगेत लावल्या.

त्याच पानेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये टँकरवाले संपावर बसले होते, नव्या हिट अँड रनच्या कायद्यावरून. दोनच दिवसांत इकडे पंपावर ही रांग. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या घंटागाडीची चावी मनमाडला असते.

"आता सगळीकडं कचऱ्याचाच ठेका देतात म्हणे. डिझेलसकट," अक्का म्हणाल्या. खरंय. टनावर पैसे, डिझेल ठेकेदाराचं. चिठ्ठीच नाही, मग चिठ्ठीचं पाप नाही. मात्र टनावर पैसे म्हटलं की कचऱ्यात दगड-माती का वाढते, याचा विषय निघाला तर दुपारच्या स्वयंपाकाचं काही खरं नव्हतं. बदल तर आमच्याकडेही झाला. आमचं जालना २०२३ पासून महानगरपालिका. मुख्याधिकारी गेले, आयुक्त आले. कायदाही बदलला, १९६५ चा जाऊन १९४९ चा लागला. "नवं गाव झालं अन् कायदा जुना मिळाला," असं अक्कांचे यजमान म्हणाले, आणि विनोद जमला म्हणून पहिल्यांदा हसले.

एवढ्यात भावाचा फोन आला. मी तो भिंतीवरच ठेवला, स्पीकर लावून. अक्कांपासून काय लपवायचं?

"ताई, गाड्या सुरू झाल्या. निम्मं बिल निघालं."

"अन् निम्मं?"

"ते नव्या टेंडरनंतर. परवा मुदत होती. एकच अर्ज आला, म्हणून मुदत वाढवलीय."

"कोण येडा आहे तो? कुणाचा अर्ज?" अक्का माझ्याआधी बोलल्या.

"आमच्या मालकाचाच."

"अरे, पण तेच तर शपथ घेत होते की पुन्हा पालिकेचं तोंड बघणार नाही म्हणून!"

"घेतली होती ना," भाऊ म्हणाला. "पण दुसऱ्याला ठेका गेला तर जुनं निम्मं कोण देणार? आता फक्त दुसरा अर्ज कुणाचा तरी यायला पाहिजे. मालक सकाळपासून समोरच्या पंपवाल्याकडे जाऊन बसलेत. चहावर चहा चाललाय. तो म्हणतो, मी अर्ज टाकला अन् मलाच लागलं तर?"

अक्कांनी फोनकडे बघितलं, मग भिंतीवरच्या विटकरीच्या आकड्यांकडे. "त्याला म्हणावं, एक मोसंबी जास्त देते," म्हणाल्या, आणि पदराने हिशोब पुसून टाकला.